ताईचं देणं

हाम्बुर्गमधल्या एका नाट्यगृहाच्या शिवणखात्यात मी कायमच्या नोकरीवर आहे. बायकांचे पोशाख बेतायचे, शिवायचे, अंगावर घालून पाहायचे, उसवून पुन्हा बसते करायचे, हे माझं काम. या कामापर्यंत मला आणलं एका अमेरिकन गायिका-नटीने. तिचं नाव इथे लिहिणार नाही, तशी तिची ताकीदच आहे. वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं मला जमेना, म्हणून पहिल्या महिन्यापासून मी तिला ताई म्हणत आले. आधी तिने अर्थ विचारून घेतला, मग त्या हाकेला ओ द्यायला लागली. इथेही ती ताईच.

आमच्या घरात नाटक शिरलं ते शिलाईच्या दाराने. मी सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' उभं केलं ते गाव. माझे वडील शिंपी. एरवी शर्ट-पँटी आणि शाळेचे गणवेश, पण राज्य नाट्यस्पर्धेचे दिवस जवळ आले की दुकानात बाराबंद्या आणि अंगरख्यांचा ढीग पडायचा. काज-बटणांना मी बसायचे. पुढे पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकले. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरचा धागा पुण्यात आणला होता, ती मुलांची नाटकं तिथेच पाहिली. लग्न झालं, नवऱ्याला विमानाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि २००४ साली आम्ही हाम्बुर्गला आलो. हातात शिवण होती, पण तिचा कागद नव्हता. जर्मनीत त्या कागदावाचून हाताला कारागिराचा दर्जा मिळत नाही.

कागद न मागणारं एक काम मात्र मिळालं. एका मोठ्या म्युझिकल थिएटरला ड्रेसर हव्या होत्या, म्हणजे प्रयोग चालू असताना विंगेत उभं राहून नटनट्यांना कपडे चढवणाऱ्या बायका. संध्याकाळचं काम, आठवड्याला आठ प्रयोग, सोमवारी सुट्टी. तिथे माझ्या वाट्याला आली ताई.

ताई स्विंग होती. स्विंग म्हणजे ज्याला रोजची ठरलेली जागा नाही असा नट. समूहातल्या कुणाचा घोटा मुरगळला, कुणाचा घसा बसला, कुणी रजेवर गेलं, की त्याच्या जागी स्विंग उभा राहतो. त्याला एकाच नाटकातल्या पाच-सात जणांची गाणी, पावलं, येण्या-जाण्याच्या वाटा आणि सुरांच्या वेगवेगळ्या पट्ट्या तोंडपाठ असाव्या लागतात. आज कुणाच्या जागी जायचं हे कधी दुपारी फोनवर कळतं, तर कधी मध्यंतरात. प्रेक्षकाला तो बदल कळता कामा नये, यातच त्याचं कौशल्य. मी नाटकाच्या गावची, पण एका माणसाच्या अंगात इतकी शिस्त मावते हे मी ताईकडे पाहून शिकले.

तिचा झटपट पोशाखबदल अजून माझ्या डोळ्यांपुढे तसाच आहे. डाव्या विंगेत काळ्या पडद्यामागे झगा जमिनीवर गोल उघडा पसरून ठेवायचा, मधोमध दोन पावलं मावतील एवढी मोकळी जागा. ताई धावत यायची, पावलं बरोबर त्या जागेत टाकायची. मी झगा वर ओढायचा, तिने हात बाह्यांत सारायचे. तोवर दुसरी मुलगी तिच्या बुटांचे लवचीक बंद सोडवत असायची. पाठीवरच्या पट्ट्यातली माइकची डबी दबू न देता मी चेन वर न्यायची, वरचा हूक अडकवायचा आणि खांद्यावर हात ठेवायचा. खांद्यावरचा हात म्हणजे 'झालं, जा'. सगळा खेळ पाऊण मिनिटाचा. अंधारात, दातांत धरलेल्या बारक्या बॅटरीच्या उजेडात. त्या पाऊण मिनिटात ताई कधी वैतागली नाही, की कधी 'लवकर' म्हणाली नाही. श्वास मोजत ती स्थिर उभी राहायची, कारण पुढच्याच क्षणी तिला गायचं असायचं.

माझं जर्मन पुस्तकी. पडद्यामागचं जर्मन निराळंच. प्रत्येक खोलीत ध्वनिक्षेपक असतो आणि त्यावरून प्रयोगाचा सूत्रधार, ज्याला इथे इन्स्पिट्सिएंट म्हणतात, एकामागून एक बोलावणी देत असतो. अर्धी नावं, अर्धे आकडे. पहिल्या दोन-चार संध्याकाळी त्यातलं मला निम्मंही कळत नव्हतं, आणि हे ताईने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. कुणाला काही न सांगता दुसऱ्या दिवशी तिने स्वतःची एक जुनी वही माझ्या हातात ठेवली. जर्मनीतल्या तिच्या पहिल्या वर्षाची वही.

ती वही मी महिनाभर घरी नेत होते. डाव्या पानावर संवाद आणि गाणी, पेन्सिलीने, तिला कानाला जसे ऐकू आले तसे तिच्या इंग्रजी वळणाच्या स्पेलिंगात लिहिलेले, खाली अर्थ. उजव्या पानावर रंगमंचाचा नकाशा. मंचाच्या पुढच्या कडेवर मधोमध शून्य, दोन्ही बाजूंना वाढत जाणारे आकडे, आणि प्रत्येक पात्राची वाट वेगळ्या रंगाच्या बाणांनी. शेवटच्या पानांवर ध्वनिक्षेपकावरच्या बोलावण्यांची यादी: काय ऐकू येईल, त्याचा अर्थ काय, आणि ते ऐकल्यावर पाय कुठे वळले पाहिजेत. मी ती यादी देवनागरीत उतरवून एप्रनच्या खिशात ठेवली. माझी पहिली नोकरी टिकली ती त्या यादीवर.

वहीमागची गोष्ट तिने हळूहळू सांगितली. ताई ओहायोतल्या लहान गावातली. संगीत रंगभूमीचं पदवीशिक्षण घेतलं, त्याचं कर्ज डोक्यावर घेऊन न्यूयॉर्कला गेली. पहाटे रांगेत नंबर लावायचा, दुपारी कधीतरी आत बोलावणं येणार, मग गाण्याचा सोळा बारांचा तुकडा गायचा आणि 'थँक यू' ऐकून बाहेर पडायचं. संध्याकाळी हॉटेलात थाळ्या उचलायच्या. नटांच्या युनियनचा आरोग्यविमा होता, पण वर्षातून ठरावीक आठवडे काम भरलं तरच. आजारी पडायची भीती वाटायची, असं ती म्हणाली होती. १९९७ मध्ये एका जर्मन निर्मितीसाठी न्यूयॉर्कमध्ये चाचणी झाली, तिची निवड झाली. करार एका वर्षाचा होता. जर्मनचा एक शब्द येत नव्हता.

अमेरिकेतून माणसं आणायची गरज का पडली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. जर्मनीला ऑपेरा-ऑपेरेटांची मोठी परंपरा आहे, गद्य नाटकाची तर आहेच. पण गाणं, नाच आणि अभिनय तिन्ही एकाच माणसात मुरवणारी शिक्षणाची सोय तिथे फार कमी होती. 'माय फेअर लेडी' १९६१ मध्ये बर्लिनच्या थिएटर देस वेस्टेन्समध्ये जर्मनमध्ये आलं आणि गाजलं, तरी म्युझिकल हा पाहुणाच राहिला. पालट झाला १९८० च्या दशकात. 'कॅट्स' १९८३ मध्ये व्हिएन्नात आणि १९८६ मध्ये हाम्बुर्गच्या ओपेरेटनहाउसमध्ये आलं. हाम्बुर्गला ते जवळजवळ पंधरा वर्षं चाललं. बोखुममध्ये 'स्टारलाइट एक्स्प्रेस'साठी खास इमारत बांधली, १९८८ मध्ये पडदा उघडला, आणि चाकांचे बूट घालून आगगाड्यांची सोंगं आणणारे नट तिथे अजून पळत आहेत. १९९० मध्ये हाम्बुर्गलाच 'फँटम ऑफ द ऑपेरा' आलं. २००१ पासून एल्बे नदीपलीकडच्या नाट्यगृहात 'लायन किंग' चालू आहे, प्रेक्षक बोटीने जातात. रोज चालणाऱ्या या नाटकांना तिन्ही कला जाणणारी माणसं शेकड्यांनी लागली, आणि ती अमेरिका, इंग्लंड, हॉलंडकडून आली. आज जर्मनीत म्युझिकलचं उत्तम शिक्षण मिळतं, एसेन, बर्लिन, म्युनिकच्या संस्थांतून तयार मुलं बाहेर पडतात. ताईच्या पिढीची गरज त्यामुळे कमी झाली. ती पिढी टिकली ती भाषेच्या बळावर.

भाषेसाठी ताईने केलेले कष्ट मी जवळून पाहिले. गाणं एक वेळ पाठ करून निभावतं, पण बोलण्याचा प्रसंग आला की उच्चार उघडा पडतो. आणि उच्चार अमेरिकन म्हणजे भूमिका परदेशी बाईची, नाहीतर समूहातली. हे कुणी तोंडावर बोलत नसे, पण भूमिका वाटल्या जाताना दिसायचं. जर्मन रंगभूमीच्या उच्चारांचे नियम थिओडोर झीब्स यांनी १८९८ मध्ये ग्रंथरूप केले, त्यात 'र' जिभेच्या टोकाने, कंप देऊन म्हणायचा. बोलण्यात आता तो फारसा उरला नाही, पण गाण्यात आणि जुन्या वळणाच्या भूमिकांत अजून मागतात. अमेरिकन जीभ 'र' म्हणताना मागे वळते. माझा मराठी 'र' ऐकून ताई थबकलीच. मग आमची देवाणघेवाण सुरू झाली. वेणीफणीच्या खोलीत तिच्या केसांना टोपाखाली चपट्या गाठी घालत असताना मी 'हेर्त्स', 'रेगेन', 'यार' म्हणायचे, ती आरशात माझ्या तोंडाकडे बघून म्हणायची. बदल्यात तिने मला जर्मनमधला तो 'ऊ' शिकवला, जो मराठीतही नाही आणि इंग्रजीतही नाही: जिभेने ई म्हणायची आणि ओठ ऊ सारखे गोल करायचे. पुण्याच्या वर्गात जे जमलं नव्हतं ते आठवड्यात जमलं.

तिला स्वतःला हे कुणी शिकवलं होतं? एका नगर-नाट्यगृहातल्या वयस्कर सुफ्लोझने, म्हणजे नटांना संवाद पुरवणाऱ्या बाईने. त्या बाईने नाट्यगृहाच्या कँटीनमध्ये ताईला समोर बसवून रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावलं होतं. ताई तिचं नाव काढल्याशिवाय भाषेबद्दल कधी बोलली नाही.

नगर-नाट्यगृह ही जर्मनीची खरी श्रीमंती आहे, हे मत मी आता कुणाशीही वाद घालून मांडीन. मध्यम वस्तीच्या शहरातही सरकारी खर्चाने चालणारं नाट्यगृह असतं, त्याचा स्वतःचा वाद्यवृंद, नटसंच, शिवणखातं, सुतारखातं. तिकिटांतून खर्चाचा पाचवा हिस्सासुद्धा निघत नाही, बाकीचं राज्य आणि नगरपालिका घालतात. अशी सुमारे १४० सार्वजनिक नाट्यगृहं देशात आहेत. तिथे आज ऑपेरा, उद्या गद्य नाटक, परवा म्युझिकल. पहिला करार संपल्यावर ताई अशा नाट्यगृहांत पाहुणी नटी म्हणून फिरत राहिली. 'वेस्ट साइड स्टोरी'तली अनिता, 'किस मी, केट', इथे 'अनातेव्का' म्हणून ओळखलं जाणारं 'फिडलर ऑन द रूफ'. एका गावी दोन महिने, दुसऱ्या गावी तीन. भाड्याच्या खोलीत दुसऱ्याच्या चादरी. आगगाडीत पाठांतर.

या व्यवसायाचं वर्षाचं चक्र तिने मला समजावून सांगितलं होतं. नगर-नाट्यगृहाच्या नोकरीत असलेल्या एकल कलाकाराचा करार साधारण हंगामाचा असतो आणि पुढे ठेवणार नसतील तर ते ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं. नाट्यगृहाचा प्रमुख बदलला की त्या ऑक्टोबरमध्ये बरीच कुटुंबं गाव सोडायच्या तयारीला लागतात. पाहुण्या कलाकाराला तर तेवढीही शाश्वती नाही. मात्र स्वतंत्र कलाकारांसाठी १९८३ पासून कायद्याने विमायोजना आहे. कलाकाराने निम्मा हप्ता भरायचा, उरलेला निम्मा सरकार आणि कलेचा उपयोग करून घेणाऱ्या संस्थांच्या वर्गणीतून येतो. त्या विम्याचं कार्ड ताईच्या पाकिटात नेहमी पुढच्या कप्प्यात असायचं. न्यूयॉर्कमध्ये आजारपणाला भ्यायलेली बाई ती. जर्मनीत का राहिलीस, असं मी विचारलं तेव्हा तिने कलेबिलेबद्दल काही न बोलता ते कार्ड काढून टेबलावर ठेवलं होतं.

उन्हाळ्यात नाट्यगृहं बंद, तेव्हा खुल्या आकाशाखालचे उत्सव. टेक्लेनबुर्गला जुन्या किल्ल्याच्या भिंतींमध्ये दोन हजारांवर प्रेक्षक बसतात. पाऊस आला तरी बहुतेक वेळा प्रयोग चालू राहतो, प्रेक्षक प्लॅस्टिकचे रेनकोट चढवतात, नट भिजतात. ताई तिथल्या गोष्टी सांगायची तेव्हा मला आमच्या जत्रेतले तंबू आठवायचे.

तिच्या आधी या वाटेने गेलेल्यांची नावं ती आदराने घ्यायची. ऑलिव्ह मूरफील्ड ही कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका १९५६ मध्ये व्हिएन्नाच्या फोक्सओपेरात 'किस मी, केट'मध्ये गायली. बॉस्टनची एक तरुण मुलगी १९६८ मध्ये 'हेअर'च्या जर्मन प्रयोगासाठी म्युनिकला आली, भाषा शिकली, लग्न केलं. नवऱ्याचं आडनाव झोमर. तेच इंग्रजी वळणाने लावून ती पुढे डॉना समर म्हणून जगभर गाजली. आणि स्टीव्ह बार्टन. त्याच्याबद्दल बोलताना ताईचा आवाज उतरायचा. आर्कान्सामध्ये जन्मलेला हा गायक व्हिएन्नाच्या 'कॅट्स'मध्ये होता. १९८६ मध्ये लंडनला 'फँटम'चा पहिला राऊल त्याने केला, नंतर ब्रॉडवेवरही. १९९७ मध्ये व्हिएन्नात रोमन पोलान्स्की यांनी बसवलेल्या 'टान्त्स देर वाम्पीरे'मधला पहिला काउंट क्रोलॉक तोच, जर्मनमध्ये. २००१ मध्ये ब्रेमेनला तो गेला, वय पन्नाशीच्याही आत. ताईने त्याला व्हिएन्नात पाहिलं होतं. आपल्या माणसाने परक्या भाषेत प्रेक्षागृह जिंकलेलं पाहिलं त्या रात्री आपण इथे राहायचं नक्की केलं, असं ती म्हणायची.

आता ताईच्या माझ्यावरच्या कर्जाचा मोठा आकडा.

एका संध्याकाळी प्रयोग चालू असताना तिच्या झग्याची चेन मधोमध फाटली. पुन्हा मंचावर जायला गाण्याच्या एका कडव्याएवढा वेळ. टाचणी लावली तर नाचताना लागणार. मी एप्रनला टोचलेली सुई काढली आणि झगा तिच्या अंगावरच शिवला. दुहेरी दोऱ्याने मोठा धावदोरा घातला, कमरेपाशी दोन टाके उलटे. ती श्वास रोखून नाही तर भरून उभी राहिली, शिवण तिच्या गाण्याला पुरेल इतकी सैल राहावी म्हणून. नाच झाला, गाणं झालं, टाका सुटला नाही. प्रयोगानंतर मी ते उसवत असताना तिने विचारलं, हे कुठे शिकलीस. मी वडिलांबद्दल सांगितलं, सांगलीच्या दुकानाबद्दल, काज-बटणांबद्दल.

त्या आठवड्यात ती शिंपीकामाच्या शिकाऊ उमेदवारीचं माहितीपत्रक घेऊन आली. जर्मनीत ही उमेदवारी तीन वर्षांची. कार्यशाळेत काम, जोडीला व्यवसायशाळा, शेवटी परीक्षा आणि स्वतःच्या हाताने केलेला एक पूर्ण पोशाख परीक्षकांपुढे ठेवायचा. माझ्याबरोबरची मुलं सोळा-सतरा-अठराची असणार, मी तिशी ओलांडलेली. विद्यावेतनही शिंपीकामातलं जर्मनीत अगदी खालच्या रांगेतलं. मी नको म्हणत होते. ताईने वाद घातला नाही. अर्जाचं पत्र तिने माझ्याकडून स्वतःच्या समोर लिहवून घेतलं, मुलाखतीचे प्रश्न काढले आणि पोशाख उतरवून ठेवायच्या वेळात रोज एक विचारत राहिली. उमेदवारी एका सार्वजनिक नाट्यगृहाच्या शिवणखात्यात मिळाली. म्युझिकल थिएटरची नोकरी मी सोडली. ताईचा करार चालूच होता.

आणि मग तिचे सोमवार. आठ प्रयोग केलेल्या अंगाला मिळणारा तो एकच दिवस. त्या दिवशी नटमंडळी झोपतात, पाय गरम पाण्यात घालून बसतात, आवाज बंद ठेवतात. परीक्षेचा पोशाख खऱ्या माणसाच्या मापाचा करायचा होता, आणि ताई आपण होऊन मापाला उभी राहिली. अस्तर लावलेलं बायकांचं जाकीट, कमरेपर्यंत बेतलेलं. कच्च्या कापडावर पहिली बेतणी, मग दुसरी. ती तासतासभर पाटावर उभी. मी टाचण्या तोंडात धरून तिच्याभोवती फिरायचे.

शिंपीकामातलं जे मला सगळ्यात मोलाचं मिळालं ते कुठल्याही शाळेने शिकवलेलं नाही. सरळ उभ्या अंगावर जाकीट छान बसलं होतं. गुरुजनांनी पाहिलं असतं तर मान डोलावली असती. ताई म्हणाली, आता बघ. तिने पूर्ण श्वास घेतला, दोन्ही हात वर नेले आणि एक लांब सूर लावला. जाकिटाचा खालचा काठ चार बोटं वर चढला, पाठीत आडवी सुरकुती पडली. मग तिने माझा हात धरून स्वतःच्या बरगड्यांवर पाठीमागून ठेवला. गाणाऱ्याचा श्वास छातीत पुढे फारसा दिसत नाही, तो दोन्ही बाजूंना आणि पाठीकडे पसरतो, हे मला हाताने कळलं. मग मुंढा. मी तो सैल, खोल कापला होता, हात मोकळा राहावा म्हणून. ताई म्हणाली, उलट आहे, मुंढा जितका काखेजवळ तितका हात मोकळा. खोल मुंढ्यात हात उचलला की सगळं जाकीट बरोबर उचललं जातं. उंच, लहान मुंढ्यात हात एकटा वर जातो. तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाचे पोशाख घालून नाचत काढलं होतं, त्यामुळे हे ज्ञान तिच्या काखेत आणि पाठीत साठलेलं होतं. मी बाही उसवली, मुंढा वर घेतला, काखेत लहान चौकोनी तुकडा घातला, पाठीत श्वासापुरती मोकळीक ठेवली. पुढच्या सोमवारी ती पुन्हा गायली. काठ जागचा हलला नाही.

आजही आमच्याकडे नवीन गायिका मापाला आली की मी तिला आधी गायला लावते, मग टाचणी उचलते. सहकारी तो माझा रिवाज समजतात. तो ताईचा.

परीक्षेच्या सकाळी ती दारात आली. माझ्या डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं करून 'तोय, तोय, तोय' म्हणाली. जर्मन रंगभूमीवर शुभेच्छा अशाच देतात, आणि त्यावर आभार मानायचे नसतात, मानले तर अपशकुन. म्हणून मी गप्प राहिले. परीक्षकांनी जाकीट उलटं करून अस्तराच्या शिवणी पाहिल्या, बाही ओढून पाहिली. मुंढ्याबद्दल विचारलं, मी गाणाऱ्या अंगाचं सांगितलं. मला चांगले गुण मिळाले, कागद मिळाला, त्याच नाट्यगृहात जागाही मिळाली. वडिलांना फोन केला तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, काज हाताने केलंस ना? हो म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. ते जाकीट ताईला दिलं. ती ते चाचणीला घालून जाते.

२०२० च्या मार्चमध्ये देशातली सगळी नाट्यगृहं बंद झाली. आम्हा नोकरदारांना कमी कामाचा सरकारी भत्ता मिळाला, बुडालेल्या निव्वळ पगाराच्या साठ टक्क्यांपासून पुढे. आमच्या शिवणखात्यात त्या वसंतात मुखपट्ट्या शिवल्या. ताई तेव्हा पाहुणी नटी म्हणून एका गावात होती, तालमी झालेल्या, प्रयोग नाही आणि पैसेही नाहीत. आता तरी माझ्याकडून काही घे म्हणून मी मागे लागले. तिने आमच्याकडचं रविवारचं जेवण तेवढं मान्य केलं, तेही तिने संगणकावरून गाणं शिकवायला सुरुवात केल्यावर, शिकवण्या संपवून. वरण-भात, तूप, लिंबू. माझ्या मुलीला ती त्या काळात सूर लावायला शिकवत होती, त्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणजे देणं वाढलंच.

दोन वर्षांनी तिचा फोन आला, पूर्व जर्मनीतल्या एका शहरातून. 'कॅबरे'मध्ये फ्रॉइलाइन श्नायडरची भूमिका मिळाली होती. १९३० च्या सुमाराच्या बर्लिनमधली, खोल्या भाड्याने देणारी पोक्त बाई, हाडाची जर्मन. १९६६ मध्ये ब्रॉडवेवर ही भूमिका पहिल्यांदा केली लोटे लेन्याने. लेन्या मूळची व्हिएन्नाची, संगीतकार कुर्ट वाइलची बायको. १९२८ च्या 'द्राइग्रोशेनओपर'मधली पहिली जेनी तीच, ज्या नाटकावरून पुलंनी १९७८ मध्ये 'तीन पैशाचा तमाशा' केला आणि जब्बार पटेलांनी तो बसवला. हिटलरच्या काळात वाइल आणि लेन्या अमेरिकेला गेले. जर्मन उच्चाराच्या इंग्रजीत लेन्याने न्यूयॉर्कला जी बाई उभी केली, ती आता ओहायोची मुलगी जर्मनमध्ये, जर्मन प्रेक्षकांपुढे करणार होती. 'तीन पैशाचा तमाशा'ची गोष्ट मी ताईला कधीतरी सांगितली होती, ती तिच्या लक्षात होती. फोनवर म्हणाली, बघ, आपल्या तिघींचा संबंध लागला.

मी गाडी पकडून प्रयोगाला गेले. तिच्या भाषणात अमेरिका कुठे ऐकू येते का म्हणून कान देऊन बसले होते. पाच मिनिटांत विसरले. रंगमंचावर बर्लिनची थकलेली, भाडं मोजणारी, शेवटी भीतीपोटी लग्नाला नकार देणारी बाई होती. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात परीक्षण आलं. तिच्या गाण्याबद्दल चार ओळी, अभिनयाबद्दल सहा, उच्चारांबद्दल एक अक्षर नाही. ताईने ते कात्रण मला टपालाने पाठवलं, सोबत काही न लिहिता. पंचवीस वर्षांच्या मेहनतीवर माझ्या मते याहून मोठी पावती नाही.

ताई अजून काम करते आहे. हंगामात पाहुण्या भूमिका, बाकीचे दिवस तरुण मुलांना गाणं आणि मंचावरचं जर्मन. अमेरिकेहून नवीन येणाऱ्यांना ती तीच वही वाचायला देते. कव्हर फाटलं होतं, ते मी कापडात बांधून दिलं आहे. तेवढंच एक काम तिने माझ्याकडून करून घेतलं.

जर्मनीत आता आपली मराठी माणसं गावोगावी आहेत: कारखान्यांत, विद्यापीठांत, इस्पितळांत. त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या शहरात नगर-नाट्यगृह असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे जा. भाषा पुरी कळत नसेल तर म्युझिकलपासून सुरुवात करा, विद्यार्थ्यांना तिकीट बरंच स्वस्त पडतं. आत गेल्यावर दालनात त्या संध्याकाळच्या कलाकारांची यादी लावलेली असते. ती पूर्ण वाचा, समूहातली आणि बदली उभ्या राहिलेल्यांची नावंसुद्धा. आणि शेवटी टाळ्या वाजवताना हात आखडता घेऊ नका.